टी. नगरातला गहू

मद्रासमध्ये तांदूळ कमी पडला त्या वर्षी रेशनच्या दुकानात निम्म्या तांदळाऐवजी गहू द्यायला लागले. तो पंजाबातून आलाय असं कोणी म्हणे, कोणी अमेरिकेतून म्हणे. कुठूनही आलेला असो, टी. नगरातल्या आमच्या गल्लीत येऊन तो थांबला. पुढं त्याचं काय करायचं हे तिथं कोणालाच माहीत नव्हतं.

म्हणून गल्लीतल्या बायका आमच्या अम्माकडे आल्या. "तुम्ही मराठीवाले," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "तुम्हाला चपाती येत असेलच."

म्हणणं तर्काला धरून होतं. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले तेव्हा त्यांना चपाती येत असावी. पण कावेरीच्या काठी त्यांनी एकदा भात खाल्ला आणि तो विषय संपला. आमच्या घरी पहिला भात सांबाराचा, दुसरा साराचा आणि तिसरा ताकाचा. गहू आम्ही पाहिला होता तो होमाच्या वेळी, भटजींच्या समोर, पळसाच्या पानावर मूठभर.

अम्मा म्हणाली, "येते की. सांगते एकदा."

ते एकदा काही येईना. कधी एकादशी असे, कधी पाहुणे असत, कधी तिचा हात दुखत असे. दरम्यान आमच्या घरी गव्हाची लापशी झाली, गव्हाचे डोसे झाले, एकदा गहू नुसता शिजवून त्यावर सांबार ओतलं. अप्पा ते बराच वेळ चावत बसले. ते जेवताना बोलत नसत, त्यामुळे मत कळलं नाही.

अप्पा जॉर्ज टाउनमधल्या एका धान्याच्या पेढीवर कारकून होते. दिवसभर तांदळाच्या पोत्यांमध्ये बसून संध्याकाळी ते गव्हाकडे परत येत. मी एकदा त्यांना विचारलं, "अप्पा, तांदूळ खरंच संपलाय का?"

"आहे की," ते म्हणाले. "दिसत नाही इतकंच."

"कोणाला?"

"आपल्याला."

ज्यांना दिसत होता त्यांत आमचे घरमालक होते. ते कंपाउंडच्या पुढच्या भागात राहत, आम्ही मागच्या दोन खोल्यांत. दर महिन्याला त्यांच्याकडे सायकल-रिक्षातून ताडपत्रीखाली जुना बारीक तांदूळ येई. रेशनचं कार्ड त्यांच्याकडेही होतं आणि त्यावर मिळणारा गहू ते नियमानं आणत. तो रात्री भिजत घालून सकाळी गाईला देत. संपूर्ण कंपाउंडमध्ये गव्हाबद्दल काही तक्रार नसलेली ती गाय एकटीच. दूध चांगलं द्यायची. आम्ही ते विकत घेत होतो.

आमच्याकडे भांडी घासायला एक बाई येत असे. कालव्यापलीकडच्या झोपड्यांमध्ये ती, तिची सासू आणि मुलं राहत. नवरा कामासाठी कुठेतरी गेला होता, आणि कुठे हे विचारलेलं तिला आवडत नसे. तिलाही रेशनवर गहू मिळे. पण दळायला गिरणीत पैसे पडत, भाजायला तवा नव्हता, आणि शिजवून पाहिला तेव्हा मुलांची पोटं दुखली. तेव्हापासून ती आपला गहू घरमालकीण मामींकडे नेऊन देई. मामी गव्हाच्या दोन मापांना तांदळाच्या कण्यांचं एक माप देत. गहू गाईला जाई. कण्यांची पेज करून ती आणि मुलं पीत.

हे सगळं सुरळीत चालू असताना वरच्या मजल्यावर पुण्याचं कुटुंब राहायला आलं. नवरा बँकेत, बदलीवर आलेला. बाई तिशीच्या, दोन लहान मुलं. आपल्या भाषेची माणसं आली म्हणून अम्मा हळदीकुंकू घेऊन वर गेली. मी तेव्हा पी.यू.सी.ला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तिच्याबरोबर मीही गेले.

त्या बाईंना मी काकू म्हणायला लागले. त्या अम्माला वहिनी म्हणाल्या. अम्मानं एकदा मागं वळून पाहिलं, कोणाला म्हणतात ते कळेना. दोघी मराठीच बोलत होत्या. आमच्या मराठीत जुने शब्द होते, मध्ये तमिळ होतं आणि सगळ्या वाक्यांना तमिळ हेल होता. काकू प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबून हसत. बराच वेळ मला वाटलं त्या आनंदी स्वभावाच्या आहेत.

"इथं सगळं छान आहे हो," काकू म्हणाल्या, "पण आमचे हे आणि मुलं पोळीशिवाय जेवत नाहीत. रोज दोन्ही वेळा पोळी लागते."

खाली आल्यावर अम्मानं अप्पांना सांगितलं, "वरची माणसं फार मोठी आहेत. दोन्ही वेळा पोळी खातात."

आमच्याकडे पोळी म्हणजे पुरणपोळी. ती पाडव्याला होते, आणि घरात लग्न ठरलं तर होते. दोन वेळा पुरणपोळी खाणारं कुटुंब अप्पांनीही पाहिलं नव्हतं, आणि ते तर व्यापाऱ्यांच्या पेढीवर काम करत होते.

"बँकेत पगार चांगला असतो," ते म्हणाले. जेवताना बोललेलं त्यांचं हे एकच वाक्य मला आठवतं.

पुढं आठवडाभर अम्मा काकूंशी जरा अदबीनं वागली. मग एके दिवशी काकू रडवेल्या होऊन खाली आल्या. रेशनवर निम्मा तांदूळ देतात, तोही उकडा. त्याच्या वासानं मुलं ताटावरून उठतात. गहू मिळतो तो महिनाही पुरत नाही. पोळ्या कशा करायच्या?

"गहू कशाला?" अम्मानं विचारलं. "पुरणाच्या वर लावायला?"

बऱ्याच उलगड्यानंतर पोळी म्हणजे चपाती हे निष्पन्न झालं. अम्माच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, थोडी निराशाही दिसली. मग तिला दुसरी गोष्ट सुचली. ती आत गेली आणि आमच्या गव्हाचा डबा घेऊन आली.

"हे अस्कं घ्या," ती म्हणाली.

"असं कसं घ्या?" काकू म्हणाल्या.

"अस्कं! अस्कं!"

मला मध्ये पडावं लागलं. अस्कं म्हणजे आमच्या मराठीत सगळं. त्या दिवशी आमचा सगळा गहू वर गेला आणि काकूंचा सगळा उकडा तांदूळ मापाला माप खाली आला. रात्री आमच्याकडे तीन भात झाले. अप्पांनी तिसऱ्यांदा ताक मागितलं.

दोन-तीन महिने हे छान चाललं. आमच्या घरात रेशनचा सगळा तांदूळ, वर सगळा गहू. सरकारला जे वाटप जमलं नव्हतं ते एका जिन्यावर जमलं, असं मला तेव्हा वाटे. मी अर्थशास्त्र घेतलं होतं.

भांडीवाली बाई आमच्याकडची भांडी घासून वर काकूंकडेही जात असे. डबे वर-खाली होताना तिला दिसायचे. एके दिवशी ती मला म्हणाली, "पाप्पा," म्हणजे बाळ, "माझ्याबरोबर जरा वर ये. त्या अम्मांना माझं बोलणं कळत नाही."

आम्ही वर गेलो. ती दाराशी उभी राहिली आणि मला तमिळमध्ये सांगत गेली, मी मराठीत. तिच्याकडे गहू आहे. चांगला आहे, निवडलेला आहे. मामी त्याच्या निम्म्या कण्या देतात. काकू मापाला माप तांदूळ देतील का?

काकूंनी विचारलं, "घरी खाणारी किती?"

मी विचारलं. बाईनं मुलांना धरून, सासूला धरून बोटं मोजली. स्वतःचं बोट तिनं शेवटी, थोडा विचार करून मोजलं.

काकूंनी आत जाऊन तांदळाचा डबा उघडून पाहिला. "तिला सांग," मग त्या म्हणाल्या, "माझ्याकडे तांदूळ तेवढाच आहे. या महिन्यापासून निम्मा तिला, निम्मा तुझ्या आईला. आईला मी सांगते."

त्यांनी खाली येऊन सांगितलं. अम्मानं ऐकून घेतलं आणि "सरी" म्हणाली. सरी म्हणजे बरं. तिला ते बरं वाटलेलं नाही हे मला कळलं, कारण नंतर ती उभ्यानंच कॉफी प्यायली.

"आपली माणसं म्हणून आपण गहू दिला," ती त्या रात्री म्हणाली. "आपल्याला तोडून तिला दिलं."

"तिच्याकडे मुलं आहेत," मी म्हणाले.

"माझ्याकडे नाहीत?" अम्मानं माझ्याकडे बघितलं. मी पी.यू.सी.ला होते, पण त्या दृष्टीनं मूलच होते.

दोघींचं बोलणं बंद झालं. म्हणजे अम्माचं झालं. काकूंना ते कळायला चार दिवस लागले, कारण त्यांना अम्माचं बोलणं आधीही फारसं कळत नव्हतं. भांडीवालीशी मात्र अम्मा नेहमीसारखीच वागली. तिच्यावर रागवायचं तर तिची बरोबरी मानायला लागली असती, आणि ते अम्माच्या डोक्यात आलं नाही.

प्रश्न असा होता की आता आमच्या घरी पुन्हा निम्मा गहू राहिला. अम्मानं मला बोलावलं. "वर जा. ती चपाती कशी करते बघून ये. विचारू नकोस. नुसती बघ."

मी वर जाऊन बघितलं. खाली येऊन सांगितलं: पाणी थोडं, तेल थोडं, मळून झाकून ठेवायचं, लाटताना घडी घालायची. अम्मानं गिरणीतून गहू दळून आणला. आमच्याकडे पोळपाट नव्हता, म्हणून पाटा उलटा घातला, आणि लाटण्याऐवजी काचेची बाटली घेतली. पहिली चपाती तव्यावर गेल्यावर आम्ही दोघी शिंकायला लागलो. दुसरीला आमचे डोळे वाहायला लागले. अप्पा पुढच्या खोलीत खोकत होते. धूर जिन्यानं वर गेला.

काकू जिना उतरून न बोलावता स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी पीठ चिमटीत घेऊन हुंगलं. "गिरणीत याच्या आधी मिरच्या दळल्या होत्या, वहिनी," त्या म्हणाल्या आणि स्वतःच शिंकल्या. "इथं सगळं एकाच जात्यात दळतात. आधी आपलं थोडं धान्य घालून जातं पुसून घ्यायला सांगायचं असतं. मीही पहिल्या महिन्यात रडले होते."

त्यांनी वरून आपलं पीठ आणलं, लाटणं आणलं आणि चूल ताब्यात घेतली. अम्मा बाजूला उभी राहून देखरेख करत असल्यासारखी बघत होती. तिसऱ्या पोळीला तिनं लाटणं मागून घेतलं. तिची पोळी श्रीलंकेच्या आकाराची झाली. काकू हसल्या, मग अम्माही हसली. बोलणं सुरू झालं.

आता एकच जीव नाराज उरला होता. ती गाय.

भांडीवालीचा गहू वर जायला लागल्यापासून गाईचा खुराक कमी झाला आणि दूधही कमी झालं. मामींनी आधी आमच्या दुधात पाणी घालून पाहिलं. मग त्यांनी भांडीवालीला विचारलं आणि तिनं खरं ते सांगितलं. मामींनी तिला काही म्हटलं नाही. नंतरच्या आठवड्यात रेशनच्या खात्याचे इन्स्पेक्टर आले. त्यांना कोणी बोलावलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण ते पुढच्या व्हरांड्यात मामींची कॉफी पिऊन मगच मागं आले.

मध्यमवयीन, थकलेला माणूस होता. चपला दारात नीट जोडून ठेवल्या. थेट वर गेले आणि काकूंच्या गव्हाचं पिंप उघडलं. पिंप भरलेलं होतं.

"एका कार्डावर एवढा गहू मिळत नाही," ते तमिळमध्ये म्हणाले. "दुसऱ्याचं रेशन घेणं गुन्हा आहे. देणंही."

काकूंना शब्द कळले नाहीत, सूर कळला. त्या पांढऱ्या पडल्या. भांडीवाली मोरीत काकूंचीच भांडी घासत होती. तिचे हात थांबले. तिचं कार्ड गेलं असतं तर काय झालं असतं ते मला कोणी सांगायला नको होतं.

तेवढ्यात अम्मा जिना चढून आली. तिनं पदर खांद्यावरून नीट घेतला.

"कोणी घेतलं नाही, कोणी दिलं नाही," ती म्हणाली. "चूल एक आहे. आम्ही सगळे एकत्र जेवतो."

"तीन कार्डांची माणसं?"

"मराठी माणसं आहोत."

"आणि ही?" त्यांनी मोरीकडे बोट केलं. "हीसुद्धा मराठी?"

अम्मानं मोरीकडे पाहिलं. भांडीवालीनं आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. उरलेलं अन्न ती दुपारी मागच्या दारी, आपल्या भांड्यात घेऊन जात असे. "ती इथंच काम करते," अम्मा म्हणाली, "मग जेवायला दुसरीकडे कशाला जाईल?"

इन्स्पेक्टरांनी घड्याळ पाहिलं. "जेवायची वेळ झालीच आहे," ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले. "जेवा. मी थांबतो."

अम्मा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "काकूंना सांग, अस्क्यांना इथंच वाढायचं आहे." मला सांगावं लागलं नाही. काकूंना तो शब्द आता येत होता.

कोणाचं ताट कोणाला हा प्रश्न नको म्हणून मी परसात जाऊन केळीची पानं कापून आणली. केळ मामींची होती आणि मामी खिडकीतून बघत होत्या, पण त्या क्षणी त्यांना काही बोलता येईना. खालून सांबार आणि भात वर आला. काकूंनी पोळ्या लाटायला घेतल्या. पानं एका ओळीत मांडली. काकूंची मुलं बसली, मी बसले. भांडीवाली भिंतीशी उभी होती, ओले हात साडीला पुसत.

"नको, अम्मा," ती हळूच म्हणाली.

अम्मा माझ्यावर रागवताना जो आवाज काढत असे त्या आवाजात म्हणाली, "बस."

ती बसली. अम्मानं तिला वाढलं, मला वाढलं तसंच, वाकून. मी पानाकडे बघत होते. काकूंचा धाकटा म्हणाला, "आई, आज सण आहे का?"

भांडीवाली भात जेवली. सांबार जेवली. पानावरच्या दोन पोळ्या तिनं हात न लावता ठेवल्या, आणि मग कोणी बघत नाही असं वाटून घडी करून पदरात घेतल्या.

"ते काय केलं?" इन्स्पेक्टर म्हणाले.

बाईनं मान खाली घातली.

"पोळी तिला संध्याकाळी लागते," अम्मा म्हणाली. "सवय आहे."

इन्स्पेक्टरांनी त्या पदराकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमच्या घरीही गहू येतो. माझी बायको चपाती करते. चामड्यासारखी होते. आम्ही काही बोलत नाही."

अम्मानं त्यांच्यासाठी पान मांडलं. ते नको म्हणाले, आणि मग तीन पोळ्या जेवले. हात धुऊन जाताना पिंपाचं झाकण त्यांनी स्वतः लावलं. "एक चूल म्हणालात," ते दारात म्हणाले. "लक्षात ठेवा."

भांडीवालीनं आपलं पान स्वतः उचललं. अम्मा "राहू दे" म्हणाली नाही, आणि तिनं तशी वाटही पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी मागच्या दारी आली. फरक इतकाच झाला की तिचं जेवण आता उरलेल्यातलं नसे. आमच्याबरोबरच, गरम असताना वेगळं काढलं जाई. त्याबद्दल आमच्या घरात कोणी काही बोललं नाही. अप्पा तर जेवताना बोलतच नसत.

इन्स्पेक्टरांची बायको खरंच चपाती शिकायला आली. ती आली म्हणून गल्लीतल्या बाकीच्याही आल्या. अम्मानं त्यांना उलट्या पाट्यावर सगळं दाखवलं. "मिरचीनंतर दळायचं नाही," ती म्हणाली, "आमच्याकडे तीनशे वर्षं असंच करतात." काकू मागं उभ्या होत्या. त्यांना तमिळ कळत नव्हतं, आणि मी त्या वाक्याचं भाषांतर केलं नाही.

पुढच्या वर्षी पीक बरं आलं आणि रेशनवर तांदूळ पुन्हा पूर्ववत झाला. काकूंच्या नवऱ्याची बदली उत्तरेकडे झाली. निघताना त्यांनी आपलं पोळपाट-लाटणं अम्माला दिलं आणि अम्मानं त्यांना घरच्या सांबाराची पूड दिली. दोघी खूप रडल्या. काय बोलल्या ते दोघींनाही नीट कळलं नसणार. मामींची गाय पुन्हा पहिल्यासारखं दूध द्यायला लागली. जॉर्ज टाउनमधला तांदूळ सगळ्यांना दिसायला लागला तेव्हा अप्पा म्हणाले की तो गेली दोन वर्षं तिथंच होता.

भांडीवाली आमच्याकडे बरीच वर्षं राहिली. तिची मोठी मुलगी आमच्या नळावर पाणी भरायला यायची तेव्हाच तिची वाढ खुंटली होती. बारा वर्षांची मुलगी आठ वर्षांची दिसायची. धाकटी मात्र बरी वाढली. ऐंशी साल उलटल्यावर सरकारनं शाळांमध्ये मुलांना दुपारचं गरम जेवण द्यायला सुरुवात केली, आणि त्या स्वयंपाकाला बायका हव्या होत्या. नवरा परत आलेला नव्हता, आणि एकट्या बायकांना आधी घेत, त्यामुळे तिला ते काम लवकर मिळालं. सरकारी पगार, रविवारी सुटी. एवढ्या मोठ्या पातेल्यात भात ढवळायचा की उलथण्याऐवजी वल्ह्यासारखं लाकूड लागतं, असं ती सांगायला आली तेव्हा तिनं दोन्ही हातांनी करून दाखवलं. अम्मानं तिला कॉफी दिली आणि आमच्या बाकावर बसायला सांगितलं. ती बसली.

तिच्या जागी दुसरी बाई मिळायला फार दिवस लागले. चांगल्या बायका सगळ्या शाळांमध्ये गेल्या होत्या. तोवर भांडी अम्मा घासत होती आणि मी सुटीच्या दिवशी. मुलांना जेवण देतात हे उत्तमच झालं, असं अम्मा मोरीतून म्हणे. फक्त सुरू करण्याआधी आम्हाला सांगायला हवं होतं.